शिरोरेषेच्या वर आणि खाली : देवनागरी पानाच्या मांडणीमागचा इतिहास

उपयोजित कलेकडे वळणाऱ्या कोकणातील विद्यार्थ्याची अक्षराशी पहिली रीतसर ओळख बहुधा शाळेतच, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने होते. तेथे चौकटी आखून एकेक अक्षर बसवायचे असते. एका ओळीखाली दुसरी ओळ आली की काय घडते, हा प्रश्न त्या वयात पुढे येत नाही. तो येतो कला महाविद्यालयात, संगणकावर एखाद्या दशावतारी प्रयोगाचे भित्तिपत्रक करताना. वरच्या ओळीत 'सिंधुदुर्ग' आणि त्याखाली त्याच आकारात 'वेंगुर्ले' बसवले की 'दु'चा उकार खालच्या 'र्ले'च्या मात्रेवर आणि रफारावर जाऊन आदळतो. मांडणीच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ओळींमधील अंतर आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरलेले असते. हे प्रमाण रोमन लिपीला मानवते, कारण ती पायाच्या रेषेवर उभी राहते. देवनागरी मात्र शिरोरेषेला लटकते आणि वर-खाली दोन्हीकडे चिन्हे वाढवते. या टकरीला कोकण किनाऱ्यावर चारशे वर्षांचा इतिहास आहे.

भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरले आणि जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ मध्ये गोव्याच्याच साष्टी तालुक्यातील राचोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. यामागे देशी लिपीविषयी अनास्था होती असे म्हणता येत नाही, कारण १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स यांनीच वरिष्ठांकडे देशी अक्षरांच्या ठशांची मागणी केली होती आणि सहाशेच्या घरात जाणारी अक्षरे दोनशे साच्यांत बसवता येतील, असेही सुचवले होते. ते ठसे आले नाहीत. मराठी भाषेची थोरवी 'हरळांमाजी रत्नकिळा' अशा शब्दांत गाणारा ग्रंथ त्यामुळे तिच्या लिपीवाचून छापला गेला. या पत्रातील आकडेमोड मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे प्रत्येक पिढी तीच नव्याने करत बसलेली दिसते.

देवनागरी खिळ्यांची, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या धातूच्या सुट्या अक्षरांची, खरी घडण झाली ती मुंबईत. आणि भूगोलाने पाहिले तर मुंबई हे उत्तर कोकणच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने १८३० च्या दशकात लहान आणि अधिक सुबक ठसे घडवले. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारच्या स्तंभांत असे, म्हणजे दोन लिपींचे एक पान जुळवण्याचा जो स्वाध्याय आज विद्यार्थ्याला दिला जातो, तो मराठी वृत्तपत्राच्या पहिल्याच पानावर सोडवावा लागला होता. पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचे वळण मराठी वाचकाच्या डोळ्यांत इतके मुरले की आजही 'छापील अक्षर' म्हटले की तेच आठवते.

जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरे जुळवणारे कामगार, हे खिळे कसे बसवत असत, हे विद्यार्थ्याने एकदा तरी जवळून पाहावे. एका पद्धतीत ओळीचे तीन थर असत : मधल्या थरात मूळ अक्षर, वरच्या थरात मात्रा, अनुस्वार आणि रफार, खालच्या थरात उकार, आणि ज्या अक्षराला वर-खाली काहीच नाही, तेथे कोरे तुकडे ठासावे लागत. दुसरी पद्धत 'अखंड' खिळ्यांची, म्हणजे अक्षर आणि चिन्ह एकत्र ओतलेले. तिच्यात अक्षर देखणे उतरे, पण केसमधील, म्हणजे खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेटीतील, घरे शेकड्यांनी वाढत. दोन्हींत एक गोष्ट समान होती. धातूच्या तुकड्याला उंची असल्याने वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसणे शक्यच नव्हते. ओळी आणखी मोकळ्या करायच्या तर मध्ये शिशाची पट्टी सरकवली जाई, आणि ओळींमधील अंतरासाठी आज वापरल्या जाणाऱ्या 'लेडिंग' या शब्दातील 'लेड' म्हणजे तेच शिसे.

खिळ्यांची ही गर्दी कमी करण्याचे दोन मोठे प्रयत्न रत्नागिरीशी जोडलेले आहेत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी वृत्तपत्राच्या रोजच्या गरजेतून खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यावर बराच विचार केला. १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि 'इ', 'ई', 'उ' ऐवजी 'अि', 'अी', 'अु' अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली. यंत्राच्या बाजूने पाहता तिच्यातील तर्क बिनतोड होता, परंतु वाचणारा डोळा सवयीने चालतो, आणि ती सवय मोडण्याइतका लाभ वाचकाच्या पदरात पडत नव्हता, असे मला वाटते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली, तीही टिकली नाही.

संगणकाने खिळे मोजण्याची गरजच संपवली. १९९१ च्या युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिपींच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, म्हणजे स्टीफन्स यांच्या दोनशेपेक्षाही कमी. जोडाक्षरे घडवण्याचे काम फाँटकडे गेले. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' विंडोज २००० सोबत घरोघर पोहोचला. 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळायला मात्र २००८ उजाडले आणि पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' हेच मराठीचे प्रमाण आकार, असे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात स्पष्ट केले. काही फाँटांत हे आकार मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय उमटत नाहीत आणि विद्यार्थी हिंदी वळणाचा 'ल' छापून मोकळा होतो.

धातूबरोबर त्याची राखणही गेली. पडद्यावरील ओळीला अंग नाही, त्यामुळे ती हवी तितकी वर सरकते आणि टक्कर टाळण्याचे काम आता मांडणी करणाऱ्याच्या डोळ्यावर आले आहे. मजकुराच्या पानाला १४० ते १५० टक्के अंतर ठेवावे, असा माझा अनुभव आहे. मथळ्याला नियम नाही, तेथे 'दु'खाली काय येते हे पाहूनच ठरवावे लागते. पणजीतील विद्यार्थ्याला तर एकाच पत्रिकेवर देवनागरी कोंकणी आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतील, कोंकणी शेजारी बसवायची असते. दोन्हींना सारखेच पॉइंट दिले की वर-खाली चिन्हांसाठी जागा राखणारी देवनागरी बारीक दिसते आणि रोमी अंगावर येते, म्हणून रोमी एखाद-दोन पॉइंटांनी उतरवावी लागते, अंतर देवनागरीचे धरावे लागते आणि मग रोमीचा स्तंभ थोडा विरळ दिसतो.