कोडिंग हे मुळात पुरुषांचेच काम आहे का?

‘मुलींचा मेंदू कोडिंगसाठी घडलेलाच नाही’ हा संदेश बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती गटांत वर्षानुवर्षे फिरतो आणि बारावीनंतर शाखा निवडताना खराही धरला जातो. वस्तुतः १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक या अमेरिकेतील सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी, तारा जोडून आणि स्विच फिरवून, केले होते. अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया १९८४च्या सुमारास ३७ टक्के होत्या, पुढे त्या २० टक्क्यांखाली आल्या. मेंदू काही एका पिढीत बदलत नाही, तेव्हा कारण परिस्थितीतच शोधायला हवे. पडताळा आपल्याकडेही घेता येतो: जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक शाखेच्या एका जुन्या तुकडीत मुली किती होत्या आणि त्यांतल्या किती आज नोकरीत आहेत, हे मोजावे, आणि सोडून गेलेल्यांनाही आवर्जून विचारावे, की अडले ते कोडमध्ये, बंगळुरू-पुण्याला एकटे राहण्यात, की बाळंतपणानंतरच्या खंडात.