तार नेमकी सरकते कुठे?

इलेक्ट्रिक गिटार बेसूर झाली की पहिला आळ खुंट्यांवर येतो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्या निर्दोष असतात. खुंटीची चावी साधारण 14 ते 18 वेळा फिरवली की आतला दांडा एकदा फिरतो, आणि गिअरच्या रचनेमुळे तारेच्या ओढीने तो उलटा फिरत नाही. सरकते ती तार. कधी दांड्यावरच्या सैल वेढ्यांत, पण जास्त करून नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत.

किती सरकली तर कानाला कळेल? नटपासून ब्रिजपर्यंत (तारांच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूपर्यंत) 648 मिलिमीटर अंतर असलेल्या गिटारवर 0.010 इंच जाडीची, सर्वांत बारीक ई तार सुरात लावताना सुमारे 4.6 मिलिमीटर ताणली जाते. 0.017 इंचाच्या ‘जी’ तारेवर ओढ जवळपास तेवढीच, साडेसात किलोच्या आसपास. पण ती जाड असल्याने ताणली जाते जेमतेम 1.6 मिलिमीटर. आता दोन्ही तारा फक्त 0.05 मिलिमीटर सरकल्या असं धरा. ई तारेचा सूर सुमारे 9 सेंटने हलतो, ‘जी’ तारेचा तब्बल 26 सेंटने. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा पाव अर्धस्वराचा फरक झाला! बेसूर होण्यासाठी ‘जी’ तार इतकी बदनाम का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावर: दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतील तर ही तार नटपासून तिरपी वळते आणि खाचेच्या कडेला घासते.

घर्षणाची गंमत अशी की सूर कोणत्या दिशेला बिघडला यावरून गुन्हेगार ओळखता येतो. बेंड करताना, म्हणजे दाबलेली तार बोटाने आडवी ओढून सूर चढवताना, नटच्या पलीकडची थोडी तार अलीकडे ओढली जाते, खाचेत अडकते, परत जात नाही, सूर उतरतो. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज झुकवणारा, दांडा दाबून तारा सैल केल्या की उलट घडतं. तार खुंटीकडे सरकते, तिथेच अडकते आणि दांडा सोडल्यावर सूर चढलेला सापडतो. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज आला तर अडकलेली तार सुटल्याचीच ती खूण.

लॉकिंग खुंटी तारेला दांड्यातच चिमटीत पकडते. वेढे जवळजवळ लागतच नाहीत, त्यामुळे सैल वेढ्यांची भानगड मिटते आणि तार बदलणंही झटपट होतं. नटमधलं घर्षण मात्र तसंच राहतं. म्हणून बेसूर गिटारला आधी महागड्या खुंट्या बसवण्यापेक्षा खाच नीट घासून घ्यावी, तीत पेन्सिलचं ग्रॅफाइट भरावं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकाने मूळावरच घाव घातला. 1979 साली पेटंट मिळालेल्या त्याच्या रचनेत तारा नटवर आणि ब्रिजवर, दोन्हीकडे स्क्रूने आवळलेल्या असतात. खुंटी ते नट हा तुकडा खेळातूनच बाद! ट्रेमोलोचा दांडा कितीही दाबा, तारेला सरकायला जागाच नाही. पण नट आवळल्यावर खुंटीने सूर लावता येत नाही, म्हणून पुढे ब्रिजवरच सूर बारीक जुळवणारे छोटे स्क्रू, म्हणजे फाइन ट्यूनर, आले.

याची किंमत तार तुटल्यावर कळते. तरंगत्या ब्रिजवर तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ एकमेकींना तोलून धरतात. एक तार गेली की स्प्रिंगा वरचढ होतात, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. लॉक कितीही घट्ट असलं तरी इथे ते काही करू शकत नाही.