सेलमध्ये गेम घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून पीसी किंवा कन्सोल घेणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तीनच असतात. सेल कधी लागतो? कुठला गेम घेऊ? आणि घेतलेला आवडला नाही तर पैसे परत मिळतात का? तिसऱ्याचं उत्तर नीट कळलं की पहिले दोन बरेच सोपे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

रिफंड: चौदा दिवस आणि दोन तास

स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) जून २०१५ पासून हा नियम आहे: खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी चाललेला असावा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. "आवडला नाही" हे कारण पुरतं, खोटं काही सांगायची गरज नाही.

गडबड होते ती घड्याळाची. डाउनलोडचा वेळ धरला जात नाही, पण एकदा 'प्ले' दाबलं की मेनू, सेटिंग, पॉझ करून जेवायला गेलेली वेळ, सगळं मोजलं जातं. काही प्रकाशकांच्या गेमसोबत वेगळा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) उघडतो. गेम बंद करूनही तो मागे उघडा राहिला तर तास चालूच राहतात. पहिल्यांदा सुरू करताना बरेच नवे गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतात. साध्या प्रोसेसरवर त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि तीही तुमच्याच खात्यावर पडतात.

म्हणून चाचणी अशी घ्या. डाउनलोड रात्री लावून ठेवा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गेम उघडण्याआधी अपडेट करा, नंतर नको. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, कारण बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळत नाही आणि गेम विनाकारण अडखळतो. डेस्कटॉप असेल तर मागे वाकून एकदा पाहा: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की मदरबोर्डला? मदरबोर्डला असेल तर कार्ड रिकामं बसतं. "गेम चालत नाही" म्हणून आलेल्या मशीनमध्ये ही चूक पुन्हा पुन्हा सापडते. हे सगळं झाल्यावरच 'प्ले' दाबा. सेटिंग दहा मिनिटांत आटोपा आणि पाऊण-एक तास खेळा. सुरुवातीच्या छोट्या खोलीत चित्र सुरळीत हलतं, त्यावर जाऊ नका. गर्दीचं शहर किंवा मोठी मारामारी येईपर्यंत खेळून मग ठरवा. घड्याळ दीड तासावर आलं आणि मन अजून दोलायमान असेल, तर गेम बंद करून रिफंड मागा. आवडेलसं वाटलं तर पुढच्या सेलमध्ये पुन्हा घेता येतो.

बंडल घेतलं असेल तर त्यातल्या सगळ्या गेमचे मिळून दोन तास धरतात. डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचा जादा भाग, परत करायची तर ती घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. आगाऊ बुकिंग केलेला गेम बाजारात येईपर्यंत कधीही रद्द करता येतो. पण महागड्या आवृत्तीसोबत काही दिवस आधी खेळायला मिळालं, तर ते तासही मोजले जातात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गेम घेतला आणि चारच दिवसांत सेल लागला, तर परत करून कमी भावात पुन्हा घेणं स्टीम गैरवापर मानत नाही, त्यांनी हे नियमातच लिहिलं आहे. वरच्या दोन अटी मात्र पाळलेल्या हव्यात.

पैसे मूळ खात्यात हवेत की स्टीम वॉलेटमध्ये, हे फॉर्ममध्येच निवडायचं असतं. मूळ मार्गाने पाठवता आले नाहीत तर ते वॉलेटमध्ये जमा होतात, आणि वॉलेटमधली शिल्लक बँकेत काढता येत नाही.

एपिक आणि जीओजी ही पीसी गेमची आणखी दोन ऑनलाइन दुकानं. एपिकचा नियमही १४ दिवस आणि दोन तासांचाच. जीओजी ३० दिवस देतं, खेळलेल्या गेमलाही. प्लेस्टेशन स्टोअर सगळ्यात कडक आहे: १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू झालं की हक्क गेला. तिथे खेळून बघून परत करण्याची सोयच नाही. त्यामुळे प्लेस्टेशनवर घेताना आधी एखाद्याने सलग खेळलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहाच. ट्रेलर नको.

सेल कधी, आणि किती थांबायचं

स्टीमचे वर्षात चार मोठे सेल असतात: मार्चमध्ये वसंताचा, जूनच्या शेवटी उन्हाळ्याचा, मग शरदाचा, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हिवाळ्याचा. ऋतू अमेरिकेचे, त्यामुळे त्यांचा उन्हाळी सेल आपल्याकडे पावसात येतो. तो सुरू होतो आणि संपतो आपल्या रात्री साडेदहाला. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा साडेअकराला.

पहिल्याच तासात घाई करू नका. २०१५ पर्यंत काही तासांपुरते खास भाव लागायचे, ते बंद झाले. आता पहिल्या रात्रीचा भाव शेवटच्या दिवसापर्यंत तोच राहतो, आणि पहिल्या तासात स्टोअरवर ताण असल्याने पेमेंट अडकतं. अडकलंच तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यातला खरेदीचा इतिहास उघडून व्यवहार प्रलंबित दिसतो का ते पाहा.

"७५ टक्के सूट" हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. विचारायचा प्रश्न हा की हा गेम आजवर सर्वांत कमी कितीला मिळाला होता. स्टीमडीबी आणि इज देअर एनी डील या साइटवर भावाचा इतिहास मिळतो, फक्त तिथे देश भारत निवडा. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून भाव रुपयांत आहेत आणि डॉलरच्या आलेखावरून आपला अंदाज चुकतो. आजचा भाव जुन्या तळाला टेकला असेल आणि याच आठवड्यात खेळणार असाल, तर घ्या. खेळणार नसाल तर विशलिस्टमध्ये टाका, सूट लागली की मेल येतो.

थांबून फायदा नाही असेही गेम आहेत. 'फॅक्टोरिओ' कधीच सेलमध्ये येत नाही, उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत ३० वरून ३५ डॉलर झाली. निन्टेन्डोचे स्वतःचे गेमही क्वचितच उतरतात. याउलट जुन्या मोठ्या गेमचा नुसता मूळ भाग घ्यायची घाई नको. 'द विचर ३'सारख्या गेमची दोन्ही विस्तार (कथेचे जादा भाग) असलेली पूर्ण आवृत्ती मिळते, आणि सुटे भाग जोडत बसण्यापेक्षा सेलमध्ये तीच स्वस्त पडते का ते आधी पाहा.

एपिकवर दर गुरुवारी रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला, फुकट गेम बदलतो. त्या आठवड्यात बटण दाबून तो खात्यात घेतला की कायमचा तुमचा, लगेच डाउनलोड करायची गरज नाही.

'की', म्हणजे गेम उघडण्याचे कोड, भलत्याच स्वस्तात विकणाऱ्या साइटपासून दूर राहा, हे आम्ही कळकळीने सांगतो. त्यातल्या काही की चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या असतात. कार्डमालकाने तक्रार केली, तर ती की रद्द होते आणि गेम लायब्ररीतून जातो. काही की दुसऱ्या देशापुरत्या असतात, आपल्याकडे उघडतच नाहीत. आणि स्टीमबाहेर घेतलेल्या कीचा रिफंड स्टीम देत नाही.

कुठला गेम? आधी तुमची बैठक सांगा

शिफारस मागायला आलात की आम्ही आवडीच्या आधी विचारतो: एका वेळी किती वेळ बसता? न खेळलेल्या गेमचा ढीग साचतो तो बहुधा बैठक आणि गेम जुळत नाहीत म्हणून.

रात्री जेमतेम अर्धा तास मिळत असेल तर 'हेडीस' घ्या. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची, आणि मधेच उठलात तरी त्याच दालनापासून पुढे खेळता येतो. 'स्टारड्यू व्हॅली'चा एक दिवस आपल्या चौदा मिनिटांचा असतो, पण सेव्ह होतं ते रात्री झोपल्यावरच. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच, नाहीतर अख्खा दिवस पुन्हा करावा लागतो. 'एल्डन रिंग' सुंदर आहे, पण त्यात पॉझचं साधं बटण नाही. घरात लहान मूल असेल, दारावरची बेल वाजत असेल, तर तो गेम छळतो. 'द विचर ३'ची फक्त मुख्य कथा पन्नासेक तासांची आहे. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला ती तीन महिने पुरेल. त्या काळात दुसरा मोठा गेम घेऊ नका.

छोटा, पूर्ण होणारा गेम हवा असेल तर 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' पाहा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० मध्ये आणला, आणि चार-पाच बैठकांत संपतो. दोघांनी सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर 'इट टेक्स टू'. तो एकट्याने खेळताच येत नाही. जोडीदार दुसऱ्या गावात असेल तर फ्रेंड्स पासमुळे त्याला वेगळी प्रत घ्यावी लागत नाही.

स्टीमवरची मतं वाचताना टक्केवारीपेक्षा लिहिणाऱ्याचे तास पाहा. चार तास खेळून केलेली स्तुती आणि दोनशे तास खेळून केलेली तक्रार, यात दुसरी जास्त कामाची. एकूण मतं चांगली पण गेल्या ३० दिवसांतली वाईट असतील तर बहुधा एखाद्या अपडेटने काही बिघडवलेलं असतं. थोडं थांबा.

जागा

'बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर (जलद डिस्कवर). १०० एमबीपीएसच्या लाइनवर १५० जीबी उतरायला कमीत कमी तीन तास वीस मिनिटं. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते. विंडोज आणि बाकीचं सामान वजा केलं की असे दोन गेम बसतात, तिसरा नाही. अपडेटला मोकळी जागा वेगळी लागते, डिस्क काठोकाठ भरू नका.

घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर

स्टीम फॅमिलीज सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना खुलं आहे. एकाच घरातली सहा माणसं लायब्ररी वाटून घेऊ शकतात आणि एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. एकाच गेमवर दोघांना एकदम बसायचं असेल तर दोन प्रती लागतात. कुटुंब विचार करून बनवा: सोडून गेलेल्याची जागा वर्षभर अडकते. आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर चीटिंग केली तर बंदी तुमच्यावरही येते.

जुन्या डिस्क

प्लेस्टेशन ४ ची डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते, फक्त त्या ५ ला डिस्क ड्राइव्ह हवी; ५ ची डिस्क ४ वर चालत नाही. प्लेस्टेशन ५ च्या २०२० च्या डिजिटल (बिनड्राइव्हच्या) आवृत्तीला ड्राइव्ह जोडता येत नाही. २०२३ पासूनच्या सडपातळ डिजिटल आवृत्तीला येते, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण डीएलसी डिस्कच्या प्रदेशाच्या स्टोअरमधूनच घ्यावी लागते. परदेशातून आणलेल्या डिस्कवर नेमकी हीच अडचण येते. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. आतल्या कड्याला तडा असेल तर ती घेऊ नका, आम्हीही घेत नाही.

विचारायला येताना प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहून आणा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून 'परफॉर्मन्स' उघडलं की तिन्ही दिसतात. फोनवर फोटो काढून आणलात तरी चालेल.