‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं’ ही समजूत आली कुठून?

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वेळेला सोलापूर स्टेशनावर कधीकधी मास्क लावलेलं, केस गेलेलं पोर दिसतं. शेजारी रिपोर्टांची फाईल छातीशी धरलेली आई. मुंबईला बोनमॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) प्रत्यारोपणासाठी निघालेली ही माणसं केमोला घाबरत नाहीत तेवढी व्हेंटिलेटरला घाबरतात. त्या भीतीला इतिहास आहे.

1952 साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि आज व्हेंटिलेटर करतो ते काम हाताने पिशवी दाबून केलं, रुग्णांना श्वास दिला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत होते. पोलिओत लुळे पडतात ते स्नायू. फुप्फुसं बहुधा शाबूत असतात. म्हणून वेळ मिळाला की माणूस वाचायचा.

प्रत्यारोपणाची गोष्ट उलटी. अमेरिकन डॉक्टर डोनाल थॉमस यांनी 1957 मध्ये पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्ये सुरुवात झाली. इथे जुना मॅरो औषधांनी मारतात. नवा रुजेपर्यंत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. बुरशी, सीएमव्ही विषाणू, केमो-रेडिएशनचा मार, आतल्या आत रक्तस्राव: घाव थेट फुप्फुसावर बसतो. मशीन हवा ढकलतं, फुप्फुस बरं करत नाही.

1996 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे आकडे छापून आले. व्हेंटिलेटरवर गेलेल्या 865 प्रत्यारोपण रुग्णांपैकी वाचले 53. फुप्फुसाला इजा, त्यात बीपी टिकवायला तासन्‌तास औषधं किंवा लिव्हर-किडनी दोन्ही निकामी, अशा 398 जणांत एकही नाही. ‘संपलं’ हा शब्द आला तो असल्या अनुभवांतून. पण ते रुग्ण त्याही आधीच्या काळातले होते, हे सांगायचं राहून जातं.

नंतर बरंच बदललं. सीएमव्हीवर आणि बुरशीवर चांगली औषधं आली, काहींना सौम्य केमो देऊन प्रत्यारोपण होऊ लागलं. 2000 मधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की फुप्फुसात एका वेळी कमी हवा भरली तर मृत्यू घटतात. नळीऐवजी घट्ट मास्कने श्वास देण्याचा 2001 चा फ्रेंच प्रयोगही आशादायक होता. 2015 च्या मोठ्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही. धोका आजही मोठाच आहे, मी तो कमी करून सांगणार नाही.

गेल्या पावसाळ्यात सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या, पोराच्या प्रत्यारोपणासाठी गेलेल्या एका वडिलांचा मुंबईहून फोन आला. “नळी टाकायची म्हणतायत. सही करू का हो?” मी म्हणालो, “दादा, आधी डॉक्टरांना विचारा, नुसती फुप्फुसंच दमलीत की किडनी-लिव्हरही? बीपीची औषधं चालू आहेत का?” त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि आत जाऊन विचारलं.