ऑल इन द फॅमिली

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी जाळ्यावरून 12 जानेवारी 1971 ते 8 एप्रिल 1979 या काळात प्रक्षेपित झालेली कौटुंबिक विनोदी मालिका. निर्माते नॉर्मन लिअर (1922–2023) व बड यॉर्किन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील बंकर कुटुंबात ती घडते. मालधक्क्यावर मुकादमी करणारा आर्ची (कॅरल ओकॉनर), त्याची बायको ईडिथ (जीन स्टेपल्टन), मुलगी ग्लोरिया (सॅली स्ट्रदर्स) आणि जावई मायकेल स्टिव्हिक (रॉब रायनर) ही मुख्य पात्रे. आर्चीचे कृष्णवर्णीय, ज्यू, स्थलांतरित, समलिंगी अशा साऱ्यांविषयी ठाम आणि बहुधा चुकीचे मत असते. जावई पोलिश वंशाचा, उदारमतवादी, अजून शिकत असलेला आणि सासऱ्याच्याच घरात जेवणारा. भागांची संख्या दोनशेच्या किंचित वर जाते. एक तासाचे भाग एक धरायचे की दोन, यावर सूचींत थोडा फरक पडतो.

उगम : मालिकेचे मूळ बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या जॉनी स्पाइटलिखित मालिकेत आहे. तिचा चाचणी भाग 1965 चा, नियमित प्रक्षेपण 1966 पासून. लंडनमधील कामगार ॲल्फ गार्नेट, त्याची बायको, मुलगी आणि डाव्या विचारांचा जावई हा चौकोन लिअर यांनी जवळजवळ जसाच्या तसा घेतला. जावयाचे माइक हे नावही बदलले नाही. वाद आहे तो यापुढे. लिअर यांनी वारंवार सांगितले, की ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात ब्रिटिश मालिकेविषयी वाचले तेव्हा आपल्याला आपले वडीलच आठवले. आर्ची बायकोला गप्प बसवताना जो शब्द वापरतो तो वडिलांच्या तोंडचा, असेही त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये चित्रपटाच्या कामावर असलेल्या यॉर्किन यांनी ती मालिका प्रत्यक्ष पाहिली आणि सुरुवात तिथून झाली, असेही सांगितले जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लिअर यांचे कथन मात्र बरेचसे उत्तरायुष्यातील मुलाखतींतून आलेले असल्याने त्यातील वडिलांचा वाटा थोडा जपूनच मोजावा. पात्रांचा सांगाडा ब्रिटिश आणि घरातल्या बोलण्याची धाटणी लिअर कुटुंबाची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

खरा फरक ईडिथमध्ये आहे. ब्रिटिश मालिकेतील एल्स नवऱ्याला तोडीस तोड टोमणे मारते. ईडिथ भाबडी आहे, तिला विनोद कळत नाहीत आणि ती खोटे बोलू शकत नाही. त्यामुळे आर्चीच्या बोलण्यातला विखार उघडा पडतो तो जावयाच्या युक्तिवादाने कमी आणि तिच्या एखाद्या साध्या प्रश्नाने जास्त. समीक्षेत जावई-सासऱ्याच्या जुगलबंदीला मिळालेले महत्त्व त्या मानाने अधिकच म्हणावे लागेल.

सीबीएसवर येण्याआधी मालिकेचे दोन चाचणी भाग एबीसी या प्रतिस्पर्धी जाळ्यासाठी झाले : ‘जस्टिस फॉर ऑल’ (1968) आणि ‘दोज वेअर द डेज’ (1969). पहिल्यात कुटुंबाचे आडनाव जस्टिस होते. (ब्रिटिश चाचणी भागातही आडनाव वेगळेच, रॅमसी, होते.) ओकॉनर आणि स्टेपल्टन दोन्हींत होते, मुलगी व जावई मात्र दर वेळी बदलले. आर्चीची भूमिका आधी मिकी रूनी यांना देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. एबीसीने दोन्ही भाग परत केले. सीबीएसचे अध्यक्ष रॉबर्ट वुड त्या सुमारास ग्रामीण बाजाच्या लोकप्रिय मालिका बंद करून शहरी, तरुण प्रेक्षकाच्या शोधात होते. लिअर यांना दार उघडले ते बहुधा याच हिशेबामुळे. तरी पहिल्या भागावरून ताणाताणी झालीच. रविवारी चर्चमधून अनपेक्षित लवकर परतलेल्या आर्चीला लेक-जावयाचा एकांत लक्षात येतो आणि तो सकाळचे अकरा वाजल्याची आठवण करून देतो. हे वाक्य काढा, असा जाळ्याचा आग्रह होता. लिअर अडून बसले आणि वाक्य राहिले. आरंभी एक निवेदन दाखवण्यात आले, की मालिका आपले पूर्वग्रह हास्यास्पद करून दाखवू पाहते. पहिले काही आठवडे प्रेक्षक बेताचेच होते. उन्हाळ्यातील पुनःप्रक्षेपण आणि एमी पुरस्कारांनंतर संख्या वाढली व 1971-72 ते 1975-76 अशी सलग पाच वर्षे मालिका पहिल्या क्रमांकावर राहिली.

चित्रमुद्रणाची पद्धत : साठीच्या दशकातील बहुतेक अमेरिकी विनोदी मालिका एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना फिल्मवर घेत आणि हशा मागाहून जोडत. प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेरे लावण्याची रीत ‘आय लव्ह लूसी’ने 1951 पासून रुळवली होती, ती मात्र फिल्मवर. लिअर यांनी तीच रीत व्हिडिओ टेपवर आणली. या प्रकारची ही पहिलीच मालिका, असा दावा केला जातो. ‘पहिल्या काही प्रमुख मालिकांपैकी एक’ म्हणणे अधिक सुरक्षित. टेपवरचे चित्र किंचित सपाट, नाटकाच्या जवळचे दिसते, आणि या दिवाणखान्याला ते शोभले. मुख्य म्हणजे हशा खरा होता. नटांना त्यासाठी थांबावे लागे, आणि गंभीर प्रसंगी पसरलेली शांतताही खरी असे. प्रत्येक भागाच्या शेवटी रायनर यांचा आवाज प्रेक्षकांसमोर मुद्रण झाल्याचे सांगे. अखेरच्या पर्वात पद्धत बदलली : तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा प्रतिसाद टिपला जाऊ लागला आणि ओकॉनर यांच्या आवाजातील निवेदनाचे शब्दही त्याप्रमाणे बदलले.

शीर्षकगीत (संगीत चार्ल्स स्ट्राउस, शब्द ली ॲडम्स) आर्ची व ईडिथ पियानोशी बसून स्वतःच गातात. वाद्यवृंदाला पैसे नव्हते, म्हणून ही युक्ती. जुन्या लासाल मोटारीचा उल्लेख असलेली ओळ प्रेक्षकांना कळेना, म्हणून ती पुढे अधिक स्पष्ट उच्चारून पुन्हा मुद्रित केली.

विषय : वंशद्वेष, व्हिएतनाम युद्ध, गर्भपात होऊन मूल गमावणे, रजोनिवृत्ती (1972) असे विषय मालिकेने हाताळले. समलिंगी मित्रावरील फेब्रुवारी 1971 च्या भागाविषयी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मे महिन्यात काढलेले नाराजीचे उद्गार व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत सापडतात. विनोद आणि गांभीर्य यांची सांगड कशी घातली जाई, हे ईडिथच्या पन्नासाव्या वाढदिवसावरील भागात (ऑक्टोबर 1977) दिसते. तोवर शेजारी राहायला गेलेल्या लेकीच्या घरी मेजवानीची गुपचूप तयारी चालू असताना एक बलात्कारी पोलीस असल्याची बतावणी करून ईडिथच्या घरात शिरतो. ती घाबरून असंबद्ध बोलत राहते आणि प्रेक्षक कानकोंडे होऊन हसतात. मग भट्टीत केक करपतो. तोच पेटता केक ती त्याच्या तोंडावर मारते आणि निसटते. त्या क्षणीचा प्रेक्षकांचा जल्लोष विनोदाला मिळणाऱ्या हशाहून पार वेगळा आहे. भागाचा उत्तरार्ध तिच्या मनावरच्या आघाताला दिला आहे.

आक्षेप : लेखिका लॉरा हॉब्सन यांनी सप्टेंबर 1971 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले, की सर्वांत जहरी शिव्या टाळून मालिका द्वेषाला गोंडस करते. लिअर यांनी पुढच्याच महिन्यात त्याच पत्रात उत्तर दिले. नील विडमार व मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास (1974) अधिक बोचरा ठरला. अमेरिकी विद्यार्थी व कॅनडातील प्रौढ यांच्या पाहणीत त्यांना आढळले, की मुळात पूर्वग्रहदूषित असलेल्यांना आर्ची अधिक आवडतो आणि शेवटी तोच जिंकतो असे त्यांना वाटते. नंतरच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरीही, उपहासाने प्रेक्षक आपोआप सुधारतो हे गृहीतक या अभ्यासानंतर पूर्वीइतक्या सहज मांडता येत नाही.

उत्तरकाळ : ‘मॉड’ (1972) आणि ‘द जेफरसन्स’ (1975) या मालिका यातील पात्रांपासून निघाल्या. 1979 नंतर आर्ची ‘आर्ची बंकर्स प्लेस’मध्ये 1983 पर्यंत राहिला, ईडिथच्या मृत्यूचा भाग नोव्हेंबर 1980 मधील. चारही मुख्य कलाकारांना एमी पुरस्कार मिळाले. आर्ची व ईडिथच्या खुर्च्या जुन्या सामानाच्या दुकानातून अवघ्या काही डॉलरना घेतल्या होत्या. 1978 मध्ये त्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाल्या.