चाचा-वार्मी: अँडीजमधील ‘चांगल्या जगण्या’ची जोडी

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतल्या इक्वाडोरने २००८ साली आणि बोलिव्हियाने २००९ साली आपापल्या नव्या राज्यघटनेत ‘चांगले जगणे’ हे तत्त्व स्वीकारले. तिथल्या मूलनिवासींच्या किचवा भाषेत त्याला सुमाक कावसाय, तर आयमारा भाषेत सुमा कामान्या म्हणतात. माणसांचा एकमेकांशी आणि पाचामामाशी, म्हणजे धरणीमातेशी, मेळ असावा हा त्याचा गाभा. आणि या मेळाची सुरुवात घरातल्या स्त्री-पुरुषांपासून होते, अशी तिथली धारणा आहे.

आयमारा लोक या जोडीला चाचा-वार्मी, म्हणजे पुरुष-स्त्री, म्हणतात. लग्न करणे यासाठी त्यांचा शब्द हाकिचासिन्या असा असून त्याचा मूळ अर्थ ‘माणूस होणे’ असा आहे. शेतातही ही जोडी दिसते: पुरुष चाकिताक्ल्या हा पायाने दाबायचा नांगर जमिनीत रोवून ढेकूळ उचलतो, समोर ओणवी झालेली स्त्री ते उलटवते, आणि बी बहुधा तीच टाकते. गावाचा माल्कू, म्हणजे प्रमुख, पदावर येतो तेव्हा त्याची पत्नीही मामा ताल्या म्हणून अधिकारपदावर येते, मात्र सभेत बोलतो बहुतेक वेळा तोच.

हे अंतर वाढवण्यात वसाहतीच्या राजवटीचा मोठा वाटा आहे. स्पॅनिश आक्रमणापूर्वी अनेक ठिकाणी आईकडून मुलीकडे आणि बापाकडून मुलाकडे असा दुहेरी वारसा चालत असे. १५७०च्या दशकात पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने १८ ते ५० वयाच्या मूलनिवासी पुरुषांवर खंडणी बसवली, आणि सरकारदरबारी कुटुंब म्हणजे पुरुष असे समीकरण रूढ झाले. बोलिव्हियातील १९५३च्या जमीन सुधारणेनेही तेच पुढे चालवले. अल्पवयीन मुले असलेल्या विधवांना जमीन मिळू शकत होती, पण बाकीच्या बहुतेक स्त्रिया वगळल्या गेल्या. जोडप्याच्या मालकीपत्रावर पत्नीचे नाव आधी घालण्याचा नियम व्हायला २००६ साल उजाडले.

तरीही सगळा दोष स्पॅनिशांच्या माथी मारणे आयमारा स्त्रीवादी हुलिएता पारेदेस यांना मान्य नाही. वसाहतीपूर्वीही इथे पितृसत्ता होती, बाहेरची तिला येऊन जोडली गेली, आणि चाचा-वार्मीचे गोडवे गाताना स्त्रीचे दुय्यमपण झाकले जाते, असे त्या सांगतात. मला हा आक्षेप रास्त वाटतो, कारण एकमेकांना पूरक असणे म्हणजे समान असणे नव्हे. इक्वाडोरच्या चिंबोरासो प्रांतातील किचवा स्त्रियांनी घटना लिहिली जात असताना नेमका हाच मुद्दा लावून धरला. त्यांनी आपली पारंपरिक न्यायव्यवस्था नाकारली नाही. तिच्या निवाड्यांत स्त्रियांचा सहभाग आणि निर्णयाधिकार राहील अशी हमी मागितली, आणि ती घटनेच्या कलम १७१मध्ये आली.