अंग पुढे, वय मागे

आधीच तापट असलेली, वर्गात कुणाचं न ऐकणारी मुलगी मैत्रिणींच्या आधी वयात येते आणि वर्षभरात भांडणं, उलट उत्तरं, खोटं बोलणं वाढतं. घरचे म्हणतात, हा हार्मोन्सचा परिणाम. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या एका अभ्यासाने फार नेमकं दाखवलं.

या शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा संशोधक लहानपणापासून पाठपुरावा करत आले आहेत. पाळी येण्याच्या कितीतरी आधी या मुली कशा वागत होत्या, याची नोंद त्यामुळे हाताशी होती. अव्शलोम कास्पी आणि टेरी मॉफिट यांनी 1991 मध्ये ती तपासली. ज्यांना पाळी लवकर आली, त्यांच्यात वागणुकीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. मात्र सर्वांत जास्त वाढ झाली ती बालपणापासूनच अशा तक्रारी असलेल्या मुलींमध्ये. म्हणजे लवकर वयात येण्याने मुलीचा स्वभाव नव्याने घडला नव्हता. जे आधी होतं, तेच ठळक झालं होतं.

पुढचा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. 1993 मध्ये याच मुलींची शाळेनुसार तुलना झाली. लवकर वयात आलेल्या मुलींचं नियम मोडणं मुलामुलींच्या एकत्र शाळांत जास्त होतं. फक्त मुलींच्या शाळांत तसं दिसलं नाही. हार्मोन्स दोन्हीकडे सारखेच, मग फरक कुठून आला? आजूबाजूच्या माणसांतून. स्वीडनमधल्या संशोधनातही लवकर वाढलेल्या मुलींची ऊठबस वयाने मोठ्या मुलामुलींत असल्याचं आढळलं, आणि दारूसारख्या गोष्टींशी त्यांची लवकर ओळख होण्यामागे ही संगत होती. याचा अर्थ मुलींना वेगळ्या शाळेत घाला असा मुळीच नाही. तिच्या अंगाकडे बघून तिला कोण कसं वागवतं, यावर बरंच काही अवलंबून असतं, एवढंच यातून दिसतं.

शरीरातली घडामोड तशी सरळ आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून ठरावीक लयीत संकेत सुटू लागतात, पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि मग अंडाशय किंवा वृषणं कामाला लागतात. मुलींमध्ये हे साधारण 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतं. भावनांचा जोर वाढवणारे मेंदूतले भाग या काळात लवकर पेटतात. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. हे अंतर प्रत्येकच मुलात असतं. ज्याला राग आवरणं आधीपासूनच जड जातं, त्याच्यावर हा भार दहाव्या वर्षीच येऊन पडला तर तो पेलायला अनुभवही कमी आणि शब्दही कमी.

अशा वेळी आपण मोठी माणसं काय करतो? "एवढी घोडी झालीस, अजून कळत नाही?" असं म्हणतो. थोराड दिसणाऱ्या मुलाला वर्गात शिक्षाही मोठ्या मुलासारखी मिळते. दहा वर्षांच्या मुलाला दहाच वर्षांची समज असते, उंची काहीही असो. त्याच्याकडून अपेक्षा वयाप्रमाणे ठेवायला हवी आणि बरोबरीच्या मित्रांत त्याला खेळायला मिळायला हवं. पाळीबद्दल, शरीरातल्या बदलांबद्दल त्याआधीच मोकळेपणाने बोलायला हवं, विशेषतः ज्या मुलांना बदल सहन होत नाहीत त्यांच्याशी.

मुलीत 8 वर्षांच्या आधी किंवा मुलात 9 वर्षांच्या आधी वयात येण्याची चिन्हं दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावंच. हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, रक्तातली हार्मोन्स तपासतात आणि गरज असेल तर इंजेक्शनं देऊन ही प्रक्रिया काही वर्षं थांबवता येते. राग आणि आक्रमकपणा आधीपासून असेल, तर त्यावर वेगळी मदत घ्यावी लागते. त्यात समुपदेशक पालकांनाच शिकवतात: सूचना थोडक्यात कशी द्यायची, चांगल्या वागण्याची लगेच दखल कशी घ्यायची, मारझोड न करता ठाम कसं राहायचं. ही मदत सहाव्या-सातव्या वर्षीही सुरू करता येते, वयात येण्याची वाट बघावी लागत नाही.